बुधवारचं कुलूप, शुक्रवारचा बाजार

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

सविनय नमस्कार.

वर जिल्ह्याचं नाव नाही, ते मुद्दामच घातलेलं नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातलं एक कापूसवालं गाव, एवढं पुरे. एका खुर्चीवरच्या माणसाविरुद्ध लिहायचं असतं तर नावगाव सगळं लिहिलं असतं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तुमचं पत्र लागलं. चार ओळी आणि खाली शिक्का. 'प्रतिसाद अत्यल्प असल्याने' गावातलं विधी सहाय्य केंद्र बंद करण्यात येत आहे, गरजूंनी जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा. चपराश्याने ते उलटं टाचलं होतं. पिना काढून मीच सरळ केलं, निदान वाचता तरी यावं म्हणून.

मी तुमच्याच पॅनलवरची, म्हणजे गरिबांची प्रकरणं फुकट चालवणाऱ्या तुमच्या यादीतली वकील. या निर्णयाबद्दल आधी रीतसर दोन अर्ज दिले. आवक क्रमांक मिळाले, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गावात मला अजून 'बॉक्सिंगवाली' म्हणतात. हातात नोटीस पडली की तेवढ्यापुरती 'वकीलबाई' होते. बाप सालगडी. दर गुढीपाडव्याला त्याचं साल ठरायचं, आणि स्वतःचं दीड एकर तो मालकाच्या कामातून उरलेल्या वेळात वाहायचा. माय लोकांच्या वावरात कापूस वेचायची. शाळेत पीटीचे एक सर होते. त्यांनी एका पोत्यात सरकी आणि जुन्या लुगड्यांचे तुकडे ठासून भरले आणि ते पोतं मैदानातल्या निंबाला टांगलं. सर अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत चार दिवस बसून सराव बघून आले होते, तेवढ्या शिदोरीवर त्यांनी आम्हा पोट्ट्यापोट्टींना उभं केलं. त्याच अकोल्यात घडलेला बुलढाणा जिल्ह्यातल्या सवण्याचा अनंता चोपडे 2019 मध्ये इंडोनेशियातून सुवर्णपदक घेऊन आला. मी तिथवर पोचले नाही. राज्यस्पर्धेतलं एक कांस्य आणि डाव्या भुवईवरचा एक व्रण, एवढी माझी कमाई.

लोक विचारतात, खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून पोलिसात का नाही गेलीस? जाणार होते. फॉर्मही आणला होता.

मधे वावराचं प्रकरण आलं. 2010 साली मोठ्या बहिणीच्या लग्नाला बापाने सावकाराकडून 40 हजार उचलले आणि बदल्यात दीड एकराची खरेदी करून दिली. आमच्याकडे अशीच रीत आहे. कागदावर खरेदीखत होतं, तोंडी ठरतं की पैसे फिटले की वावर परत. पैसे फिटले. वावर परत आलं नाही. 2014 मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला. त्याच्या 18 व्या कलमाखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून अशी जमीन परत मागता येते, हे सालगड्याच्या घरात कोण सांगणार? सांगितलं ते तुमच्या पॅनलवरच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी. शिबिराला गावात आले होते, परतीची एसटी चुकली म्हणून आमच्या ओट्यावर टेकले. माय म्हणाली, "सायेब, आमच्याजवळ पैशे नाही जी." ते म्हणाले, "पैशे मांगतले कोनं? कागद आन."

अडीच वर्षं लागली, पण वावर परत आलं. तोवर पोलिसाचा फॉर्म पेटीत ठेवून मी लॉ कॉलेजला नाव घातलं होतं. तेव्हा साहेब, मी तुमच्याच योजनेचं पीक आहे. ही योजना कामाची नाही असं म्हणणाऱ्यांशी मी आजवर भांडत आले. आज तुमच्याशीच भांडावं लागतंय, एवढाच फरक.

भांडणाआधी खेळातली एक गोष्ट सांगते. मी 48 किलो गटात खेळायची. सामन्याच्या दिवशी सकाळी वजन होतं. काटा पाव किलो जास्त दाखवायला लागला की भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर घालून पळायचं, लिंबाची फोड चघळत थुंकत राहायचं, पाव किलो उतरेपर्यंत. एवढा आटापिटा कशाला? तर 48 किलोच्या पोरीसमोर 70 किलोची पोरगी येऊ नये म्हणून. तशी जोडी लावली तर कुठलाही पंच तो सामना होऊच देणार नाही. सनद घेऊन तालुक्याच्या कोर्टात पहिल्यांदा गेले, त्या दिवशी एका प्रकरणात एका बाजूला तीन वकील होते. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत सातबारा. पुकारा झाला, काम सुरू झालं. वजन कोणी केलेलं नव्हतं.

तो काटा म्हणजे तुमचं कार्यालय. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने घटनेत 39-क हे कलम आलं. पैसा नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, हे राज्याचं काम ठरलं. 1987 मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याचं 12 वं कलम मला तोंडपाठ आहे, कारण ते मी रोज कोणाला ना कोणाला सांगते. अनुसूचित जातीजमातीचा माणूस, बाई, लहान मूल, अपंग, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार, यांना उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. बाईला वकील फुकट मिळतो, ती बाई आहे एवढ्यानेच. हे सांगितलं की आमच्याकडच्या बायका आधी हसतात.

आता तुमच्या पत्रातल्या 'अत्यल्प प्रतिसादा'कडे येते.

केंद्र बंद झाल्यावर मी नोंदवही मागून पाहिली. केंद्राचा वार बुधवार. पानामागून पान, दर बुधवारसमोर एकच शब्द: निरंक, म्हणजे कोणी आलं नाही. सलग चौदा बुधवारांचे 'निरंक' एकाच शाईत, एकाच वळणात होते, आणि शेवटच्या तिघांत शाई संपत आल्याने पेन घासलेलं होतं. ती चौदा बुधवारं एका बैठकीत लिहिलेली आहेत हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ नको. खोली ग्रामपंचायतीच्या मागे. चावी चपराश्याकडे, चपराशी दोन गावांना मिळून एक. आत टेबल आहे, त्यावर ब्लीचिंग पावडरची पोती. दरवाज्यावर नाव आहे. वेळ लिहिलेली जागा पावसाने धुऊन गेली.

आमचा बाजार शुक्रवारी असतो. आजूबाजूच्या गावांतली, तांड्यावरची, पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची) माणसं आठवड्यातून त्या एकाच दिवशी गावात येतात. मीठ-मिरची, पिठाची गिरणी, दवाखाना, तलाठी, सगळं एका फेरीत उरकतात. बुधवारी कोण येईल? वेचाईच्या दिवसांत किलोमागे मजुरी मिळते. एक दिवस बुडाला तर तेवढे किलो बुडाले. बुधवार कोणाच्या सोयीचा होता? ज्यांना जिल्ह्यावरून गाडी घेऊन यायचं होतं त्यांच्या. ती गाडीही बहुतेक वेळा आली नाही.

यात माझीही चूक आहे, ती लपवत नाही. पहिलं दीड वर्ष बुधवारच्या यादीत माझं नाव होतं आणि बुधवारी माझं कोर्ट असायचं. मला जमणार नाही, वार बदला, हे तेव्हाच लेखी द्यायला हवं होतं. पॅनलवरून नाव जाईल या भीतीने दिलं नाही. नंतर मी शुक्रवारी बाजारात, गिरणीच्या बाजूच्या निंबाखाली, स्वतःची सतरंजी टाकून बसायला लागले. दोनशे पानी वही भरत आली आहे. त्यातला एक माणूसही तुमच्या नोंदवहीत नाही. मग प्रतिसाद कोणाचा अल्प?

आता ज्या एका गोष्टीने हे पत्र लिहायला बसवलं ती सांगते. सकाळी साडेपाचला मी शाळेच्या मैदानात मुलींना खेळवते. सरांचं पोतं केव्हाच फाटलं, आता दोन बऱ्या बॅगा आहेत. दहावीतली एक पोरगी पावसाळ्यात नवी आली होती. चपळ, पण मारताना डोळे मिटते. एके दिवशी सराव संपल्यावर हाताच्या पट्ट्या गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "ताई, आक्षेप म्हंजे काय?"

मी विचारलं, कुठे वाचलं? तिने दप्तरातून गणिताची वही काढली. मागच्या पानावर तलाठी कार्यालयाच्या फळ्यावरची नोटीस जशीच्या तशी उतरवलेली होती, शिक्क्याच्या जागी गोल काढून आत 'शिक्का' असं लिहिलेलं. तिचा आजा पेरणीच्या तोंडावर गेला होता. फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीत, वारस म्हणून आजी आणि दोन काका. तिचा बाप दोन वर्षांपूर्वीच फवारणीचं औषध पिऊन मेला. कर्ज विनापरवाना सावकाराचं म्हणून ते प्रकरण अपात्र ठरलं, मदत मिळाली नाही. आता मेलेल्या मुलाची बायको आणि मुलगी वारसांतूनच गळाली होती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात या दोघी पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. ते काकांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

हरकत घ्यायला 15 दिवस असतात. पोरीने नोटीस तिसऱ्या दिवशी उतरवून घेतली होती. मायलेकी दोन बुधवारी केंद्रावर गेल्या. दोन्ही वेळा कुलूप. दुसऱ्या वेळी दुपारपर्यंत पायरीवर बसल्या. मला ती वही दिसली तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला होता.

"मले आधी काऊन नाही सांगतलं व?" मी विचारलं.

"तुमी वकील हाय हे मले मालूम नव्हतं. मले वाटलं तुमी बॉक्सिंगच्याच हाय."

उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील केलंय. ते मिळेल असं मला वाटतं. पण तोवर सातबाऱ्यावर नाव नाही, नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि हंगाम काही तारखेला थांबत नाही. केंद्राचं दार त्या दोन बुधवारांपैकी एका बुधवारी उघडं असतं तर एका पानाच्या हरकतीत काम झालं असतं. मी चूक म्हणते ती ही.

दुसरी गोष्ट पोडाची. आमच्या तालुक्यात कोलामांची पोडं आहेत. कोलामी ही मराठीच्या घरातली बोली नाही. तिचं गोत्र तेलुगू-गोंडीशी जुळतं. पोडावर कचेरीचा मराठी कागद नेऊन वाचला तर म्हातारी माणसं मान डोलावतात, कळतं असं नाही. वनहक्काचे दावे फेटाळले गेले तर कारण लेखी कळवायचं असतं आणि वर दाद मागायला 60 दिवस असतात. त्या 60 दिवसांत हा कागद कोणीतरी कोलामीत सांगायला हवा. ते काम पोडावरचीच एक विधी स्वयंसेविका करत होती. बारावी शिकलेली, सायकलवर फिरणारी. तिचं मानधन कित्येक महिने थकलं. हजेरीचे तक्ते दर महिन्याला दिले, दर महिन्याला एक नवी त्रुटी निघाली. एकदा तर सही निळ्या शाईत नाही म्हणून परत आले. आता ती सोयाबीनच्या कामावर जाते. तिला मी दोष देत नाही. तिच्यासारखी दुसरी तुम्हाला जाहिरात देऊन मिळणार नाही.

तिसरं, आत बसलेले लोक. बेड्यावरचा (पारध्यांच्या वस्तीवरचा) एक पारधी पोरगा संशयावरून आत गेला. पहिलाच गुन्हा. जामीन झाला, पण जामीनदार नाही, कारण बेड्यावर कोणाच्या नावाने सातबारा नाही. 1978 सालीच सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याच्या प्रकरणात न झेपणाऱ्या जामिनावर ताशेरे ओढले होते. त्याच न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशात तर स्पष्ट आहे की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगातून तुमच्या सचिवांना कळवायचं. आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमाप्रमाणे पहिल्यांदाच अडकलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की सुटायला पात्र होतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले वेगळे. हे दिवस मोजतो कोण? त्या पोराचे त्याच्या मायने मोजले, भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून. ती मला बाजारात भेटली. जिल्हा कार्यालय तिला माहीतच नव्हतं.

जिल्हा कार्यालय 62 किलोमीटर आहे. बायांना 2023 पासून एसटीचं तिकीट अर्धं आहे, हे खरं. पण सकाळची गाडी साडेसातची, परतीची शेवटची साडेचारची, आणि मधे साहेब शिबिराला गेलेले असले की फेरी फुकट. तुमच्या पत्रात 15100 या हेल्पलाइनचाही उल्लेख आहे. सोय चांगली आहे, मी स्वतः लोकांना नंबर लिहून देते. पण फेरफाराची नोटीस फोनच्या कानाला लावून वाचून घेता येत नाही, आणि पोडावर रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही.

लोकअदालतीत तुम्ही चांगलं काम करता. मागच्या वर्षी एका भावाभावांच्या धुऱ्याचं (बांधाचं) वीस वर्षांचं भांडण तुमच्या पॅनलने एका दुपारी मिटवलं, मी तिथे होते. म्हणूनच हे लिहायचा धीर झाला. शिवाय राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2011 च्या विनियमांत, जिथे अंतरामुळे किंवा सामाजिक अडसरामुळे लोकांना तुमच्यापर्यंत येता येत नाही, तिथेच खास करून अशी केंद्रं काढा असं म्हटलंय. आमच्या गावचं केंद्र त्याच नियमातून निघालं होतं. अंतर काही कमी झालेलं नाही.

तेव्हा मागणं साधं आहे. बंद करण्याचा आदेश मागे घ्या आणि केंद्राचा वार बुधवारऐवजी शुक्रवार करा, सकाळी दहा ते बाजार उठेपर्यंत. चावी ग्रामपंचायतीकडे एक आणि विधी स्वयंसेवकाकडे एक अशी दोघांकडे ठेवा. स्वयंसेविकेचं थकलेलं मानधन द्या, त्रुट्या असतील तर सगळ्या एकाच वेळी काढा, आणि तिला परत बोलवा. बोलवायला मी येते सोबत. जामीन होऊनही आत असलेल्या आणि 479 च्या मुदतीला पोचलेल्या कैद्यांची यादी दर महिन्याला तुरुंगाकडून मागवून तुमच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर गुन्ह्याच्या क्रमांकासह लावा. नावं नकोत, क्रमांक पुरेत. आणि त्या चौदा बुधवारांची चौकशी करा. कोणाची नोकरी घालवा असं मी म्हणत नाही. फक्त खोट्या 'निरंक'वरून पुढचा निर्णय घेऊ नका.

वकील मंडळींनाही एक विनंती, हे पत्र तुमच्याही वाचनात येईल म्हणून. पॅनलवर नाव घालून मग त्या दिवशी 'जरा बाहेर आहे' असं सांगू नका. मी केलं आहे, म्हणून सांगते.

हे पत्र वाचून माझं नाव पॅनलवरून निघालं तर निघो. त्याचं लेखी कारण मात्र द्या; त्यावर अपील करायची मुदत मी मोजून ठेवीन.

येत्या शुक्रवारी बाजार आहे. पोरीच्या आईला अपिलाची तारीख समजावून सांगायची आहे, पारध्याची म्हातारी येणार आहे, आणि तांड्यावरून दोघं निराधार योजनेचे कागद घेऊन येतो म्हणाले आहेत. मी साडेनऊपासून गिरणीजवळ आहे. तोवर चावी आली तर ब्लीचिंगची पोती बाजूला सारून आत बसू, नाही तर सतरंजी आहेच.

आपली,
पॅनलवरची एक वकील
(पूर्वीची 48 किलो)